आजेसासूबाईंचं माहेरचं नाव

मैत्रिणींनो, गेल्या पितृपक्षातली गोष्ट. गुरुजींनी विचारलं, "माता, पितामही, प्रपितामही यांची नावं सांगा." बाप, आजा, पणजा यांची नावं ह्यांनी घडाघडा सांगितली होती. आईचंही सांगितलं. आजीपाशी मात्र गाडी अडली. "आम्ही तिला माईच म्हणायचो," एवढंच हे बोलले. पणजीचा तर प्रश्नच नाही.

संध्याकाळी आत्यांना फोन लावला. "माईचं नाव जानकी. पण ते सासरचं गं, लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीनं लिहिलेलं. माहेरचं कुणाला ठाऊक!" पोटच्या लेकीला ठाऊक नाही! मला तर रात्रभर झोप आली नाही.

आमच्या कांजूर गावात माझी एक ईस्ट इंडियन मैत्रीण आहे. तिच्याकडे शोधाची पद्धतच निराळी. परेरा, डिसोझा ही पोर्तुगीज काळातली आडनावं गावोगाव तीच, त्यामुळे नुसत्या आडनावानं घराणं सापडत नाही. ती चर्चमधली बाप्तिस्म्याची आणि लग्नाची नोंद बघते. बाळाच्या नावासोबत आईचं नाव आणि धर्ममातापित्यांचीही नावं तिथे असतात. तिकडे कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात फ्रेंच कुटुंबांच्या जुन्या चर्चनोंदींत बाई लग्नानंतरही माहेरच्याच नावानं लिहिलेली सापडते. 1981 पासून तर तिथे कायद्यानंच लग्नानंतरही जन्माचं नाव कायम राहतं. आणखी एक गंमत. त्यांच्यातल्या कित्येक घराण्यांना दोन आडनावं असत, मध्ये 'दी' हा शब्द. म्हणजे आपलं 'ऊर्फ'च की!

आता आपण कुठे शोधायचं? नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत मूळ गाव नि आडनाव सांगितलं की पिढ्या निघतात, पण बहुतेक पुरुषांच्या. कुलवृत्तांतातही लेक लग्न होऊन गेली की तिची शाखा बहुधा तिथेच थांबते. आजी शाळेत गेली असेल, तर शाळेच्या जनरल रजिस्टरात तिचं माहेरचं नाव हमखास मिळेल. दाखल्याची नक्कल मागा. मुंबईत जन्म असेल, तर पालिकेच्या जन्मनोंदीत आईचं नाव असतं. कांजूर, भांडुप, विक्रोळीचं काम भांडुपच्या एस विभागाकडे.

पण खरी खाण आहे ती फेरफाराची. बाप वारला की वारसांत मुलींची नावं लागतात, विशेषतः 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानंतर. मुलगी, तिचं सासरचं आडनाव, कधी गावसुद्धा. माहेर नि सासर एकाच ओळीत! (पुष्कळदा पुढच्याच फेरफारात त्यांनी हक्क सोडल्याची नोंद असते. बायकांची नावं कागदावर यायची ती सही घेण्यापुरती, असं मला तरी वाटलं.) जुने फेरफार तलाठ्यांकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात. गट किंवा सर्व्हे नंबर घेऊन जा. नुसत्या नावावर कुणी शोधून देत नाही, मी दोन खेपा फुकट घातल्या.

माईंचं माहेर संगमेश्वर तालुक्यातलं, एवढं आत्यांना आठवत होतं. तिसऱ्या खेपेला कागद हाती आला. 1961 सालचा. तीन मुलगे, मग दोन मुली, आणि त्यांतली धाकटी: 'मथुरा ऊर्फ जानकी'. मी तिथल्या बाकावरच बसून राहिले.

1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, महाराष्ट्रात सरकारी कागदांवर, वडिलांच्या नावाआधी आईचं नाव येतं. आमच्या नातीचं तसंच आहे. तिच्या पणतीला एवढे हेलपाटे पडणार नाहीत. आपल्या वहीचं मात्र आपल्यालाच बघायला हवं. आई, सासूबाई, मावशी, जी कुणी हयात असेल तिला या रविवारी विचारा: जन्माचं नाव, लाडाचं नाव, बापाचं गाव, नि तिच्या आईचं माहेर. पेन्सिलीनं नको, शाईनं लिहा.

यंदा गुरुजींनी पितामहीचं नाव विचारलं, तेव्हा हे म्हणाले, "मथुरा ऊर्फ जानकी." गुरुजी थबकले. "ऊर्फ संस्कृतात कसं म्हणायचं हो?" मग त्यांनी दोन्ही नावं घेतली.