दोन, दोन, तीन

निवड न झालेले फोटो परत न्यायची वेळ संध्याकाळी पाच ते सात होती. कलादालनाच्या जिन्याखाली एका टेबलावर ते पालथे रचून ठेवले होते. कुणाचा कुठला पडला ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू नये, एवढी काळजी आयोजकांनी घेतली होती. माझा शोधायला वॉचमन मामा मदतीला आले. मागच्या चिठ्ठीवर नाव सापडल्यावर त्यांनी फोटो सुलटा केला आणि माझ्या हातात द्यायचा सोडून स्वतःच बघत उभे राहिले.

"वरची रेघ एकवीसची न्हवं?"

"हो."

"आमच्यात एकोणीसलाच तिजोरीच्या मधल्या कप्प्यापतूर आलतं. हे कुठलं? शुक्रवार पेठंतलं?"

शुक्रवार पेठेतलंच. पंचगंगेच्या घाटाजवळच्या एका स्वयंपाकघराची भिंत आहे ती. भिंतीवर पाण्याच्या दोन रेघा, खालची २०१९ च्या महापुराची, वरची २०२१ ची. घरच्या काकांनी शेजारी पेन्सिलीनं तारखा लिहून ठेवलेल्या. खाली जुन्या स्विचबोर्डाचं भोक सिमेंटनं बुजवलेलं, आणि नवा बोर्ड दोन्ही रेघांच्या वर, इतका वर की काकू मिक्सर लावायला पाटावर चढतात. कोल्हापुरात राहणाऱ्याला यात समजावून सांगावं असं काही नाही. तीन परीक्षकांनी मिळून या भिंतीला पंधरापैकी सात गुण दिले. दोन, दोन, तीन.

या सदरात मी एरवी दुसऱ्यांच्या छंदांवर लिहिते. बोन्साय, जुनी नाणी, रविवारची सायकल. लांबून लिहिणं सोपं असतं. म्हणून यंदा गावातल्या हौशी फोटोग्राफर मंडळींच्या वार्षिक प्रदर्शनात तीनशे रुपये भरून मी स्वतः उतरले. दागेरच्या शोधाची पॅरिसमध्ये घोषणा झाली तो १८३९ मधला १९ ऑगस्ट हा दिवस जागतिक छायाचित्रण दिन म्हणून पाळतात, आणि त्या सुमाराला आपल्याकडे गावोगाव अशी प्रदर्शनं लागतात. आमचं त्यातलंच एक. बाहेरगावचे तीन परीक्षक, दोनशेच्या वर प्रवेशिका, भिंतीवर जागा साठ-सत्तरांना.

मोबाइलमध्ये चौदा हजार फोटो होते. त्यातून एक निवडायचा म्हणजे काय, हे तीनशे रुपये भरल्याशिवाय कळत नाही. नवऱ्यानं रंकाळ्यावरचा सूर्यास्त सुचवला. पुण्याच्या लेकीनं मांजराचा. मी भिंतीवर अडून बसले. माझा फोटो आहे म्हणून मला त्यात पूर दिसतोय, की खरंच त्यात आहे, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता.

खरी शाळा भरली ती लॅबमध्ये. फोटो १२ बाय १८ इंचांत द्यायचा असा नियम. माझा मोबाइल काढतो तो चारास तीन. लॅबवाल्यानं स्क्रीनवर चौकट ठेवून दाखवलं, "मॅडम, वरनं कापू की खालनं?" वर देवांची फळी होती, समई आणि गणपतीचा फोटो. पाणी चढायला लागल्यावर काकूंनी सगळ्यांत आधी काढून घेतलेली वस्तू ती. खाली सिमेंटनं बुजवलेलं भोक. देव काढावेत की भोक, यावर मी काउंटरला टेकून पाच मिनिटं उभी राहिले. मागे पासपोर्ट फोटोवाल्यांची रांग लागली. शेवटी दोन्ही ठेवलं आणि दोन्ही कडांना पांढरी पट्टी सोडली. त्यानं पहिला नमुना पोस्टकार्डाएवढा छापून हातात दिला, तर भिंत चिखलासारखी काळवंडलेली. स्क्रीनच्या मागून उजेड येतो, कागदाला स्वतःचा उजेड नसतो, म्हणून दिसतं त्यापेक्षा थोडं उजळ करूनच छापायला द्यायचं, हे त्यानं ज्या थंडपणानं सांगितलं त्यावरून हे तो दिवसातून दहा वेळा सांगत असावा. दुसऱ्या नमुन्यात रेघाच पुसट झाल्या. तिसरा जमला. चकचकीत कागद नको, वरच्या ट्यूबलाइटी त्यात दिसतील, हाही सल्ला त्याचाच. चौदा हजार फोटोंपैकी कागदावर आलेला हा माझा गेल्या सहा वर्षांतला पहिला फोटो. प्रदर्शनातून मला काय मिळालं असं कुणी विचारलं तर मी त्या लॅबवाल्याचंच नाव घेईन.

आमच्या मंडळींची एक पद्धत चांगली आहे. परीक्षण बंद खोलीत होत नाही. प्रवेशिका भरलेल्यांना मागच्या खुर्च्यांवर बसता येतं, तोंड उघडायचं नाही एवढीच अट. पुढे स्टँड, त्यावर दिवा. एक कार्यकर्ता फोटो ठेवतो, तिघे परीक्षक एक ते पाचपैकी आकड्याची पाटी वर करतात, चौथा बेरीज मोठ्यानं वाचतो, दुसरा कार्यकर्ता फोटो उचलतो. तीन ढीग होतात. आत, बाहेर आणि पुन्हा बघू. बाहेरच्या ढिगावर फोटो पडतो तेव्हा आवाज जरा मोठा येतो असं मला वाटलं, पण तो भास असेल.

सकाळभरात तालमीतले अकरा पैलवान होऊन गेले. पहाटेचा झरोका, तिरपा उजेड, उडालेली लाल माती. पहिल्या पैलवानाला तिघांनी पुढं झुकून पाहिलं. अकराव्याच्या वेळी एक परीक्षक पाण्याची बाटली शोधत होते. मला तर अकरावाच सगळ्यांत आवडला, पण तो बिचारा अकरावा. जेजुरीचा पिवळाधमक भंडारा चार वेळा उधळला. वारीतली आजी, बनारसची नाव, सुरकुत्यांचे आजोबा आणि त्यांची बिडी. फोटो वाईट नव्हते. काही तर फार कसबानं काढलेले होते. पण एकही फोटो असा नव्हता की तो काढायला माणूस याच गावात राहत असावा लागतो. तालमीचेसुद्धा. आता पहाटे बाहेरगावच्या फोटोग्राफरांचे गटच्या गट तालमीत येऊन उभे राहतात आणि वस्ताद पोरांना जरा सावकाश माती उधळायला सांगतात.

माझी भिंत आली. मी मनात आकडे मोजले, सहापर्यंत. मधले परीक्षक म्हणाले, "हे काय आहे?" कार्यकर्त्याला माहीत होतं. त्याचं दुकान व्हीनस कॉर्नरला, पुराच्या पट्ट्यातच, त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसेल. पण शीर्षक वाचायचं नाही हा नियम, म्हणून तो गप्प राहिला. पाट्या वर झाल्या.

फोटो स्वतःच्या पायावर उभा राहायला हवा, त्याला शब्दांची कुबडी नको, असं या नियमामागचं तत्त्व आहे. ऐकायला छान वाटतं. पण ते आपल्या गावच्या प्रदर्शनात आलं कुठून, हे जरा बघायला हवं. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाडांचे भाऊ डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. अशा मंडळात सभासद आपापलं काम आणून एकमेकांना दाखवत, रसायनांवर तासन् तास बोलत. पुढे फोटो ही कला की नुसती यंत्राची करामत, हा वाद तापला. लंडनमध्ये १८९२ साली 'लिंक्ड रिंग' नावाचा गट तिथल्या जुन्या सोसायटीपासून फुटला आणि पुढच्या वर्षापासून स्वतःचं वेगळं प्रदर्शन भरवू लागला. त्याला नाव दिलं सलोन, थेट चित्रकारांच्या दालनातून उचललेलं. मोजकीच कामं, तीही निवडून. कला म्हणवून घ्यायचं तर कुणाला तरी नकार देता यायला हवा, हा त्यातला हिशोब. तिथून हे वारं जगभर गेलं. १९५० मध्ये छायाचित्रकारांचा आंतरराष्ट्रीय महासंघ झाला, १९५३ मध्ये आपला भारतीय महासंघ. सलोनमध्ये फोटो स्वीकारला गेला की तो मोजायचा, ठरावीक संख्या भरली की नावापुढे अक्षरं लावायची. अक्षरं मिळवण्यासाठी माणसं वर्षाला शेकड्यांनी फोटो पाठवतात. पाठवोत. ब्राझीलमध्ये बसलेल्या परीक्षकाला कोल्हापूरचा फोटो दाखवायचा असेल तर तो न सांगता कळणाराच हवा, हे मला मान्य आहे.

पण आमच्या दालनात येणारा माणूस ब्राझीलमधून येत नाही. तो गंगावेशेतून येतो. १९१८ च्या सुमाराला बाबूराव पेंटरांनी या गावात सिनेमाचा कॅमेरा स्वतःच्या हातांनी तयार केला, तेव्हा कुणा पाहुण्याला बोलावून गुण मागितले नव्हते. (हे वाक्य मी प्रदर्शनाच्या चिटणीसांना ऐकवलं. ते म्हणाले, "ताई, बाबूरावांनी प्रवेशिका भरली नव्हती.")

चिटणीसांचं दुसरं म्हणणं मात्र मला खोडता आलं नाही. परीक्षक गावातला नेमला की संध्याकाळपर्यंत भांडण. कुणाचा फोटो कुणाचा, ते इथं शीर्षक न वाचताही कळतं. हा अमक्याचा भाचा, तो तमक्याच्या स्टुडिओतला, त्या दोघांचं गेल्या गणपतीपासून बोलणं नाही. बाहेरचा परीक्षक आंधळा असतो हाच त्याचा गुण. खरं आहे. पण तिघांपैकी एक खुर्ची गावातल्या अशा माणसाला का देऊ नये, ज्याचा फोटोग्राफीशी संबंधच नाही? ग्रंथपाल, परिचारिका, केएमटीचा कंडक्टर. त्याला कॅमेऱ्यातलं कळणार नाही. बाकीच्या दोघांना कळतंच की.

आणि शीर्षक वाचायला काय हरकत आहे? तसंही शब्दांनी मागच्या दारानं घरात पाय टाकलेलाच आहे. यंदाच्या अर्जात नवा नियम होता, निवडलेल्या फोटोची मूळ फाइल मागितल्यास द्यावी लागेल. कारण उघड आहे. २०२३ मध्ये बोरिस एल्डाग्सेन या जर्मन कलावंतानं कृत्रिम बुद्धिमत्तेकडून करवून घेतलेलं चित्र सोनीच्या जागतिक स्पर्धेत पाठवलं, ते निवडलं गेलं, आणि मग त्यानं स्वतःच बक्षीस नाकारलं. पुढच्या वर्षी माइल्स ॲस्ट्रे यानं उलटा डाव टाकला. पोट खाजवताना मान दुमडल्यामुळे बिनडोक्याचा दिसणारा फ्लेमिंगो, अगदी खराखुरा, त्यानं एका स्पर्धेच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या विभागात घातला. परीक्षकांनी त्याला तिसरा क्रमांक दिला, खरं कळल्यावर बाद केला. आमच्याकडे दरवर्षी भिगवणहून फ्लेमिंगो येतात, सगळे डोक्यासकट, तरी आता निवड समिती त्यांच्याकडे संशयानं बघते. मुद्दा असा की नुसत्या डोळ्यांनी फोटो तपासायचे दिवस गेले. कुठं काढला, कधी काढला, कशानं काढला, हे आता विचारावंच लागतं. संशय आल्यावर जे विचारता, ते आधीच आदरानं विचारा.

तीन परीक्षकांवर मला राग नाही. चहाच्या वेळी मी मधल्या गृहस्थांना गाठलं, माझाच फोटो म्हणून न सांगता. त्यांनी दोन मिनिटांत जे सांगितलं ते सोन्यासारखं होतं. भिंतीची आडवी रेघ हाच विषय, आणि फोटोच उजवीकडे कललेला, मग रेघ पाण्याची आहे की हात हलल्याची, बघणाऱ्याला कसं कळावं? पाणी जसं कायम सपाट राहतं तशी ती सपाट हवी होती. आणि पांढरी पट्टी का सोडली? मी देव आणि भोक यांची गोष्ट सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. बुजवलेल्या भोकावर माझीच सावली पडली होती, हेही त्यांनी दाखवलं. ती मला दीड वर्षात दिसली नव्हती.

असं दोन मिनिटांचं बोलणं बाहेर पडलेल्या प्रत्येकाच्या वाट्याला यायला हवं होतं. नेमकं तेच झालं नाही. निकाल लिहून झाला, नारळ-शाल झाली आणि परीक्षकांची गाडी दुपारी तीनला निघाली. माझ्या शेजारी अकराव्या पैलवानाचा फोटोग्राफर बसला होता, आयटीआयचा पोरगा, मित्राचा कॅमेरा घेऊन आलेला. प्रिंट आणि फी मिळून त्याचे हजाराच्या घरात गेले. त्याला 'पाच' एवढाच शब्द ऐकायला मिळाला, तोही बेरीज म्हणून. पाच कशामुळे, ते कोण सांगणार? पुढच्या वर्षी तो एक तर येणार नाही, नाही तर यंदा सुवर्णपदक मिळालेल्या पहिल्या पैलवानासारखा फोटो घेऊन येईल. दोन्हीत नुकसान त्याचं कमी, प्रदर्शनाचं जास्त. मेडल दोन कमी करा आणि त्या पैशात परीक्षकांना एक रात्र गावात ठेवा. संध्याकाळी बाहेरचा ढीग टेबलावर उलगडून बसू दे सगळ्यांना. मुक्कामाचं जेवण मी घालते, तांबडा-पांढरा.

फोटो घेऊन मी शुक्रवार पेठेत गेले. भिंत ज्यांची, त्यांना द्यावा म्हणून. दार उघडलं तसा ताज्या रंगाचा वास आला. मुलाचा साखरपुडा ठरलाय, सगळं घर रंगवून काढलंय. स्वयंपाकघर फिकट हिरवं. दोन्ही रेघा गेल्या, पेन्सिलीच्या तारखा गेल्या, बुजवलेलं भोक कुठं होतं तेही ओळखू येत नव्हतं. नवा बोर्ड मात्र आहे तिथंच, वर.

काकांनी फोटो हातात घेतला, चष्मा लावून नीट पाहिला आणि काकूंकडे दिला. काकूंनी पाहिला आणि परत वर्तमानपत्रात गुंडाळला.

"चांगला आलाय गं," त्या म्हणाल्या, "पण तूच ठेव. पाहुणे यायचेत, उगंच इथं कुणी बघायला नको."

मग पाटावर चढून त्यांनी मिक्सर लावला.