पेडलवरचा चकचकीत पत्रा

चिखलातून व दगडधोंड्यांतून वाट काढणारी जीप महाराष्ट्राला नवी नाही. महिंद्र कंपनीने मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. त्याच परंपरेतील ‘थार’ २०१० साली बाजारात आली. अशा गाड्या हौसेने सजविण्याची चाल आता बरीच रुळली आहे. जाड टायर, जादा दिवे आणि त्यांच्या जोडीला क्लच, ब्रेक व ॲक्सिलरेटर यांच्या पेडलांवर बसवायचे अल्युमिनियमचे चकचकीत पत्रे! तीन पत्र्यांचा संच विकत आणला आणि चार स्क्रू आवळले की काम झाले, असे पुष्कळांना वाटते.

काम सोपे आहे, हे खरे. पण पेडल ही गाडीतील शोभेची जागा नाही. तेथे जे काही बसवायचे ते आधी तीन कसोट्यांवर तपासावे, आणि एकाही कसोटीला ते उतरले नाही तर मूळचे रबर आहे तसेच राहू द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. या तीन कसोट्या म्हणजे पकड, जाडी आणि घट्टपणा.

प्रथम पकड पाहू. ब्रेकचे पेडल म्हणजे एक तरफ होय. टेकूपासून पाऊल ३० सेंटिमीटरवर आणि पुढे ढकलायचा दांडा ६ सेंटिमीटरवर असेल, तर पावलाचा जोर पाचपट होतो. २० किलोग्रॅम वजनाइतका जोर दिला की दांड्यावर १०० किलोग्रॅमचा जोर येतो. पुढे पास्कलच्या नियमानुसार ब्रेकचे तेल तो दाब चारही चाकांपर्यंत पोहोचविते. परंतु ही सारी साखळी एका गोष्टीवर अवलंबून आहे : पाऊल पेडलवर टिकले पाहिजे.

पेडल दाबले जाताना कमानीसारखे फिरते. त्यामुळे पावलाचा जोर त्याच्या पृष्ठभागावर नेहमीच काटकोनात पडत नाही, थोडा तिरपा पडतो. या तिरपेपणामुळे पाऊल घसरू पाहते व घर्षण त्याला धरून ठेवते. घर्षणांक ०.६ असेल, तर जोर सुमारे ३१ अंश तिरपा होईपर्यंत पाऊल घसरत नाही. तोच घर्षणांक ०.२ वर आला, तर ही मर्यादा अवघ्या ११ अंशांवर येते. कोरड्या दिवशी गुळगुळीत पत्राही ठीक वाटेल. पण पावसाळ्यात मावळातल्या चिखलात उतरून पुन्हा गाडीत बसलेल्या माणसाच्या बुटाचा तळ ओला असतो. गुळगुळीत धातू आणि बूट यांच्यामध्ये पाण्याचा व गाळाचा पातळ थर अडकतो, आणि तो वंगणासारखे काम करतो. रबराच्या पेडलवरील खाचा हे पाणी बाजूला जाऊ देतात. शिवाय रबर दाबाखाली किंचित दबून बुटाच्या तळाला बिलगते.

गाडी ताशी १५ किलोमीटर इतक्या सावकाश चालली, तरी अर्ध्या सेकंदात २ मीटर पुढे जाते. दरीच्या कडेने जाणाऱ्या वाटेवर २ मीटर म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

यावर कोणी विचारील, ‘मग शर्यतीच्या गाड्यांत धातूची पेडले कशी चालतात?’ प्रश्न रास्त आहे. त्या पेडलांना भोके किंवा उठावदार कडा असतात. भोकांतून पाणी निघून जाते व कडा बुटाच्या तळात रुततात. चालकही पातळ तळाचे खास बूट घालतो व ते कोरडे ठेवतो. म्हणजे धातू मुळातच वाईट नाही, महत्त्व आहे ते पृष्ठभागाच्या घडणीला. बाजारातील काही पत्र्यांवर रबराच्या गोळ्या बसविलेल्या असतात. तेथे पकड मिळते ती बव्हंशी या गोळ्यांमुळे. त्या झिजल्या किंवा गळून पडल्या की उरतो तो निव्वळ गुळगुळीत पत्रा.

दुसरी कसोटी जाडीची. ॲक्सिलरेटर व ब्रेक यांच्या उंचीतील फरक आणि दोहोंमधील अंतर कारखान्यात विचारपूर्वक ठरविलेले असते. ब्रेकवर जाड पत्रा बसविला, तर पाय अधिक उचलावा लागतो व बुटाचे टोक पेडलच्या कडेत अडकू शकते. पत्रे मूळ पेडलपेक्षा रुंद असले, तर मधले अंतर कमी होते. मग रुंद गमबूट घातलेला पाय एकाच वेळी दोन्ही पेडले दाबण्याचा संभव असतो.

तिसरी कसोटी घट्टपणाची. खडकाळ वाटेवर गाडी सतत हादरते आणि हादऱ्यांनी साधे नट सैल होतात. म्हणून नायलॉनची कडी असलेले, आपोआप न फिरणारे नट वापरावेत. काही संचांसाठी मूळ पेडलला भोके पाडावी लागतात. रुंद पट्टी ताणली असता तिच्यातील लहान गोल भोकाच्या कडेशी ताण सुमारे तिप्पट होतो, हे यंत्रशास्त्रात सिद्ध झालेले आहे. तेव्हा भोक पाडणे ही क्षुल्लक गोष्ट समजू नये. ॲक्सिलरेटरचे पेडल प्लॅस्टिकचे असेल, तर त्याच्या वाटेला जाऊच नये. समुद्रकिनाऱ्यावर गाडी नेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अल्युमिनियम आणि पोलादी स्क्रू यांच्यामध्ये खारे पाणी शिरले की लहानसा विद्युतघटच तयार होतो. त्यात अल्युमिनियम झिजते व पकड ढिली पडते.

पावलांपाशी ठेवलेली साधी वस्तू किती अनर्थ करू शकते, याचे उदाहरण अमेरिकेत घडले. ऑगस्ट २००९ मध्ये कॅलिफोर्नियात एका लेक्सस मोटारीत दुसऱ्या मॉडेलची रबरी चटई घातलेली होती. ॲक्सिलरेटर तिच्यात अडकला, गाडी आवरेना, आणि चार माणसे दगावली. त्यानंतर टोयोटा कंपनीने सुमारे ३८ लाख मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलाविल्या. अनेक गाड्यांतील ॲक्सिलरेटरचे पेडल कापून आखूड करण्यात आले. चटई सदोष नव्हती, ती त्या गाडीची नव्हती, इतकेच!

तुम्हांला अजून गाडी चालविता येणार नाही, पण पकडीची परीक्षा घरीच घेता येईल. एका फळीवर स्टीलचे गुळगुळीत ताट उपडे घट्ट बांधा व त्यावर बूट ठेवा. फळीचे एक टोक हळूहळू उचला. बूट घसरू लागताच त्या टोकाची उंची आणि फळीखालचे आडवे अंतर मोजा. उंचीला अंतराने भागले की घर्षणांक मिळतो. उंची २० व अंतर ४० सेंटिमीटर असेल, तर तो ०.५ होय. मग ताटावर पाणी व थोडी माती टाकून पुन्हा मोजा. शेवटी ताटाऐवजी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवून तोच प्रयोग कोरडा व ओला असा करा. चारही आकडे वहीत शेजारी शेजारी मांडा.

घरात कोणी पेडलांचे पत्रे आणले, तर ही वही त्यांच्यापुढे ठेवा. गाडी उभी असताना चिखलाचे बूट घालून तिन्ही पेडले दाबून पाहायला सांगा. प्रत्येक पत्रा हाताने हलवून पाहा, आणि चटई पेडलखाली सरकत नाही ना, हेही तपासा. एवढे करूनही शंका उरली, तर पत्रे खोक्यात परत जाऊ द्यावेत.

मूळचे रबर काळे, साधे व कुरूप दिसेल. पण ते पावलाखाली असते, आणि तेथे त्याने न घसरणे एवढेच काम करायचे असते.