उपकार कुणाचे कुणावर?

१२ सप्टेंबर २०२५ रोजी सुबोध खानोलकर यांचा ‘दशावतार’ हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि मालवण-कुडाळपासून दादर-डोंबिवलीपर्यंत जिथे चार कोकणी माणसे भेटली तिथे त्याचाच विषय निघू लागला. गणपतीहून नुकतेच परतलेले चाकरमानी सहकुटुंब थिएटरात गेले. डोळे अधू झाले तरी रंग उतरवायला तयार नसलेला बाबुली मेस्त्री हा म्हातारा दशावतारी दिलीप प्रभावळकर यांनी वयाच्या ८१व्या वर्षी असा उभा केला की अनेकांना आपल्या वाडीतला एखादा जुना नट आठवला. प्रभावळकरांच्या कामाबद्दल दुमत नाही. दुमत आहे ते चाहत्यांनी आणि टीकाकारांनी त्या चित्रपटावरून काढलेल्या निष्कर्षांबद्दल. तीन मते पुन्हा पुन्हा ऐकू आली. हा ‘कांतारा’चा मराठी अवतार आहे, हे पहिले. दशावतारी बाबुलीसारखा सूड उगवत नाही, तेव्हा हा खरा दशावतारच नव्हे, हे दुसरे. आणि मरणाला टेकलेली एक कला या चित्रपटाने वाचवली, हे तिसरे. पहिली दोन मते चुकीची आहेत. तिसरे चुकीचे तर आहेच, पण ते प्रेमापोटी बोलले जात असल्याने त्याचे नुकसान अधिक आहे.

आधी ‘कांतारा’ घेऊ. २०२२ सालचा ऋषभ शेट्टी यांचा तो चित्रपट तुळुनाडूतल्या भूतकोलावर उभा आहे. जंगल, जमीन, देव आणि त्यावर डोळा ठेवणारा धनदांडगा हे सामान दोन्हीकडे आहे, हे खरे. पण भूतकोला हा विधी आहे. तिथे दैव माणसाच्या अंगात येते आणि मग माणूस बोलत नाही, दैव बोलते. असा संचार आपल्याकडेही आहे. गावदेवीची तरंगे निघतात, अवसर येतो, लोक कौल घेतात. मात्र सिंधुदुर्गातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, अवसर आणि दशावतार यांची गल्लत तो कधी करणार नाही. दशावतारी स्वतःच्या हाताने स्वतःचा चेहरा रंगवतो. आपण विष्णू नाही, विष्णूचे सोंग घेतले आहे, हे त्याला रात्रभर ठाऊक असते आणि समोर बसलेल्यालाही. बाबुलीच्या अंगात कुणी येत नाही. तो जाणूनबुजून रंग लावतो, शुद्धीवर राहून एकेक रूप घेतो. एकीकडे देव माणसाला हाती धरतो, दुसरीकडे माणूस देवाचे रूप हाती धरतो. हा फरक ज्याला दिसला नाही त्याने भूतकोलाही पाहिलेला नाही आणि दशावतारही. कर्नाटकाच्या किनाऱ्याशी आपले जुने नाते आहे हे नाकारण्याचे कारण नाही. आडिवऱ्याच्या शामजी नाईक काळे यांनी १७२८च्या सुमारास हा खेळ दक्षिणेतून कोकणात आणला, अशी परंपराच सांगते. उसनवारीचा कमीपणा आपल्या पूर्वजांनी मानला नाही, आपणही मानू नये. फक्त सारखेपणा दिसला की नक्कल म्हणायची घाई करू नये.

दुसरे मत जाणकारांचे आहे, म्हणून त्याला सविस्तर उत्तर दिले पाहिजे. त्यांचे म्हणणे असे की पूर्वार्धात कलावंताचे घर, बापलेकाची माया, देवराई हे सारे अस्सल आहे. पण मुलगा गेल्यावर बाबुली खाणवाल्यांवर उलटतो तिथून चित्रपट दाक्षिणात्य मारधाडीच्या वाटेला लागतो. उत्तरार्धाची मांडणी काही ठिकाणी भडक झाली आहे, लांबलीही आहे. एवढे कबूल करून मी विचारतो, जत्रेतल्या दशावतारात दुसरे काय असते? पूर्वरंगात, ज्याला आपण आडदशावतार म्हणतो, गणपती, ऋद्धीसिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव येऊन गेले की काळ्या वेषातला संकासूर येतो. तो वेद चोरतो आणि विष्णूच्या हातून मरतो. उत्तररंगातले आख्यान कुठलेही लावा, रात्री माजलेल्या दैत्याचा पहाटेपर्यंत निकाल लागतोच. मृदंगावर युद्धनृत्य सुरू झाले की पेंगुळलेली पोरे उठून बसतात. वध हा या नाटकाचा कणा आहे. जो माणूस जन्मभर सभामंडपात दैत्य मारत आला त्याच्या घरात दैत्य शिरला, तर त्याने काय करावे? कचेरीत अर्ज देऊन वाट पाहत बसावे? बाबुलीला जी एकच भाषा येते त्या भाषेत तो बोलला. हा सूड बाहेरून आणून डकवलेला नाही, तो या कलेच्या पोटातूनच आला आहे.

आणि तो दैत्यही कल्पनेतला नाही. रेडीची लोहखनिजाची खाण पिढ्यानपिढ्या इथे आहे. दोडामार्ग तालुक्यातल्या कळणे गावाने खाणीविरुद्ध दिलेला लढा जिल्ह्याला ठाऊक आहे, आणि २०२१च्या पावसाळ्यात त्याच खाणीतले चिखलपाणी गावात घुसले तेव्हा त्या विरोधाचा अर्थही कळला. माधव गाडगीळ समितीने २०११ साली पश्चिम घाटावर अहवाल दिला त्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या खाणींचा स्वतंत्र विचार आहे. तो अहवाल किती गावांत वाचला गेला? चित्रपटाने तोच विषय संकासुराच्या भाषेत सांगितला आणि तो वाडीवाडीत पोचला. ज्यांना उत्तरार्ध पटला नाही त्यांनी एवढे तरी त्याच्या पदरात टाकावे.

याच मताचे एक शेपूट म्हणजे ‘तांत्रिक करामतींनी कलेचा साधेपणा घालवला’ ही तक्रार. जत्रेच्या दिवसांत एसटी स्टँडवर लागलेले फलक जरा वाचा. ‘ट्रिकसीनयुक्त महान पौराणिक नाटक’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते. धूर, दिवे, अधांतरी देव हे सगळे दशावतारी कंपन्यांनी स्वतः, आपल्या खर्चाने, प्रेक्षकाची नजर ओळखून आणले. चार कंपन्यांचे नामांकित नट एकत्र आणून संयुक्त दशावतार लावणे हाही त्यांचाच शोध. भाषेची तक्रारही तशीच. मालवणी पुरेशी अस्सल नाही, प्रमाण मराठी फार आहे, असे म्हणणाऱ्यांनी आठवावे की दशावतारात राजा आणि ऋषी भारदस्त ग्रांथिक मराठी बोलतात आणि संकासूर गावची मालवणी. दोन्ही बोली एका बाकड्याभोवती नांदतात. मच्छिंद्र कांबळी यांनी गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’मधून १९८० पासून मालवणी महाराष्ट्रभर ऐकवली, तिची ताकद या दोन बोलींच्या टकरीतच होती.

आता तिसरे मत. ‘चित्रपट आला म्हणून दशावतार वाचला.’ हे वाक्य मुंबई-पुण्यात फार प्रेमाने बोलले गेले आणि मला ते सर्वांत जास्त खुपले. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की वैशाखापर्यंत या जिल्ह्यात दशावताराच्या कंपन्या आज या गावी, उद्या त्या गावी असतात. मोचेमाडकर, वालावलकर, पार्सेकर, चेंदवणकर ही नावे इथल्या शाळकरी पोरांना पाठ असतात. नेरूरचे दशावतारी नट सुधीर कलिंगण २०२२ मध्ये गेले तेव्हा ‘लोकराजा’ गेला म्हणून अख्खे तळकोकण हळहळले. त्यांना ती पदवी कुठल्या पडद्याने दिली नव्हती, जत्रेत मध्यरात्री थंडीत बसणाऱ्या माणसांनी दिली होती. अशा कलेला मेलेली म्हणणे हा अपमान आहे, मग तो कितीही गहिवरून केलेला असो. शहराला जे दिसत नाही ते अस्तित्वात नसते, असा त्याचा अर्थ होतो. खरा हिशेब उलटा आहे. चित्रपटाला नाव, नायक, रंग, आवेश आणि शेवट हे सारे दशावताराने दिले. उपकार असलेच तर ते कलेचे चित्रपटावर आहेत.

शिवाय, पडद्याने कला वाचते हा समज तपासून पाहण्यासारखा आहे. २०१० मध्ये तमाशावरचा ‘नटरंग’ आला. त्याची गाणी वरातीवरातींत वाजली, पण तमाशाच्या फडमालकांची कर्जाची आणि अनुदानाची गाऱ्हाणी त्यानंतरही संपली नाहीत. २०२३ मध्ये केदार शिंदे यांनी आपल्या आजोबांवर, शाहीर साबळे यांच्यावर ‘महाराष्ट्र शाहीर’ केला. अंकुश चौधरीचे काम वाखाणले गेले, अजय-अतुल यांचे एक गोड प्रेमगीत मोबाइलवर घरोघरी नाचले. पसरणीच्या त्या शाहिराने ‘आंधळं दळतंय’सारखी मुक्तनाट्ये रचून व्यवस्थेला धारेवर धरले होते. ती मुक्तनाट्ये पाहायची मागणी किती चाहत्यांनी केली? ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका गाजली तेव्हा तिच्यातला आकेरीचा वाडा बघायला गाड्या लागल्या. त्या गाड्यांतून उतरलेली किती माणसे त्या रात्री जवळच्या जत्रेला थांबली? पडदा कुतूहल निर्माण करतो, आणि ते मोलाचे आहे. कुतूहलाचे चाहतेपण मात्र पडदा करू शकत नाही, ते पाहणाऱ्यालाच करावे लागते.

म्हणून माझे मत असे. ‘दशावतार’ हा प्रामाणिक चित्रपट आहे, त्याने कलावंताला केविलवाणा न करता त्याच्या हाती शस्त्र दिले, आणि त्याच्या यशाचा आनंद प्रत्येक सिंधुदुर्गवासीयाने मानावा. पण चाहत्यांची सारी स्तुती एका नटावर येऊन थांबली, तिथे दशावतार समजायचा राहिला. हे नाटक एकट्या नटाचे कधीच नसते. संध्याकाळी कंपनीचा मालक आख्यान सांगतो, पात्रे वाटून देतो, बस्स. लिहिलेली संहिता नाही, तालीम नाही. रंगपटात प्रत्येक जण पेटाऱ्याशी आरसा टेकवून आपापला चेहरा रंगवत असतो. पालखीची प्रदक्षिणा आटोपली की बाकडे मांडले जाते, आणि बाजूला तीन माणसे बसतात: हार्मोनियमवाला, पखवाजवाला, झांजवाला. राजा कोणते पद कुठल्या पट्टीत उचलणार हे त्या रात्री राजालाही नक्की ठाऊक नसते. तो बोलता बोलता शेवटचा शब्द जरा लांबवतो, आणि त्याच क्षणी पेटीवाल्याची बोटे त्याचा सूर धरतात. नट अडखळला तर पखवाजावर एक थाप पडते, त्याला श्वास घ्यायला जागा मिळते, आणि समोरच्याला वाटते की राजा विचारात पडला. स्त्रीपार्टीचा विलाप असो की दैत्याचा प्रवेश, सात-आठ तासांचे न लिहिलेले नाटक हे तिघे आपल्या खांद्यावर पेलतात. त्यांना रंग नसतो, मुकुट नसतो, टाळीही क्वचित मिळते. सकाळी दहीकाला झाला की इतरांबरोबर तेही सामान आवरतात. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ ही म्हण नटावर आहे. यांना रात्रीचे राजेपणही नाही, बोजा तेवढा आहे.

बाबुलीसाठी डोळे पुसणाऱ्या प्रेक्षकाला म्हणून माझे सांगणे आहे. येत्या कार्तिकात गावी या. जत्रेत खाजे घेऊन, ओटी भरून मागे फिरू नका. बसा, दहीकाल्यापर्यंत बसा. नाटक आवडले तर नटाला बक्षीस द्याच, पण पेटीवाल्याचे आणि पखवाजवाल्याचे नाव विचारा आणि त्यांच्या नावानेही द्या. देवस्थान समित्यांनी मंडप आणि रोषणाईवरचा थोडा खर्च कमी करून कंपनीचे मानधन वाढवावे, आणि नाइट ठरवताना वादकांच्या वाट्याला काय येते ते विचारावे. फलकावर वादकांची नावे नटांच्या नावांइतक्याच ठळक अक्षरांत छापावीत. चित्रपटाचे तिकीट काढून आपण एका काल्पनिक कलावंताला दाद दिली. खऱ्या कलावंतांची दाद अजून आपल्याकडे बाकी आहे.