सुईचा आकडा आणि वहीचा आकडा

मराठीत ‘आकडा’ या एकाच शब्दाने दोन निराळ्या गोष्टींचा बोध होतो. झोपाळ्याची कडी ज्यात अडकते तो आकडा, आणि रोजमेळाच्या पानावर जमा-नावेच्या रकान्यात उतरतो तोही आकडाच. व्यापारी घरांत या दुसऱ्या आकड्याची ओळख मुलांना फार लवकर होते. पहिल्या आकड्याचे एक अतिशय नाजूक रूप मात्र माजघरात, बहुधा आजीच्या शिवणाच्या डब्यात पडून असते. ते म्हणजे क्रोशाची सुई. ‘क्रोशे’ या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थच लहानसा आकडा असा आहे.

गेल्या काही वर्षांत ही सुई डब्यातून पुन्हा बाहेर आली आहे. पूर्वी तिच्यावर दाराची तोरणे, रुखवतातील रुमाल आणि टेबलावरची आच्छादने विणली जात. आजच्या मुली तिच्यावर केसांच्या पिनेवरची फुले, झालरीची रबरे आणि अंबाड्याभोवती माळण्याचे गजरे विणतात व मैत्रिणींना, बहिणींना, नणंदांना भेट देतात. संक्रांतीचे वाण, राखीपौर्णिमेला बहिणीच्या हाती ठेवायची वस्तू, तपाच्या पारण्याला वाटायची छोटी प्रभावना अशा कितीतरी प्रसंगी ही इवलीशी भेट शोभून दिसते. ताजा गजरा संध्याकाळपर्यंत कोमेजतो. सुताचा गजरा धुऊन वर्षानुवर्षे वापरता येतो. फुले खुडणे ज्यांच्या मनाला रुचत नाही, त्यांना तर तो विशेष आवडतो.

नवशिक्या हाताने आरंभ करावा तो अशाच लहान वस्तूपासून. तिला मापाची अडचण नसते, दोरा थोडा लागतो, आणि एका बैठकीत काम पुरे होत असल्याने उत्साह टिकतो. चुकले तर दोरा ओढताच सारी वीण उसवते व तोच दोरा पुन्हा वापरता येतो.

पहिला विचार दोऱ्याचा. केसांत माळण्याच्या वस्तूला सुती दोरा सर्वांत सोयीचा. तो घाम शोषतो, सहज धुता येतो आणि त्यावर टाका स्वच्छ उमटतो. ॲक्रिलिकचा दोरा मऊ असतो व त्यात रंगही पुष्कळ मिळतात. परंतु त्यावर गरम इस्त्री टेकली की टाके चपटे होतात आणि गेलेला आकार परत येत नाही. रेशमासाठी किड्यांचे कोश जिवंतपणी उकळले जातात, म्हणून अनेक जैन घरांत ते वर्ज्यच असते. चकाकी हवी असल्यास ‘मर्सराइज्ड’ सुती दोरा घ्यावा. सुताला ताण देऊन कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून काढले की त्याला ही झळाळी येते व रंगही अधिक खुलतो. मोत्यांच्या जागी काचेचे मणी लावता येतात. मात्र तीन वर्षांखालील मुलीच्या पिनेला मणी मुळीच लावू नयेत. सुटलेला मणी तोंडात जाण्याचा धोका असतो.

पाच पाकळ्यांचे फूल विणण्याची कृती अशी आहे. मध्यम जाडीचा सुती दोरा आणि अडीच मिलिमीटरची सुई घ्यावी. पाच साखळ्या घालून पहिल्या साखळीत सुई घालावी, दोरा ओढून घ्यावा आणि कडे पुरे करावे. त्या कड्यात दहा मुके खांब घालून फेरी जोडावी. या दहा टाक्यांवर पाच पाकळ्या बसतात, म्हणजे प्रत्येक पाकळीला दोन टाके मिळतात. पहिल्या टाक्यात दोन साखळ्या व दोन खांब घालावेत. दुसऱ्या टाक्यात दोन खांब व दोन साखळ्या घालून त्याच टाक्यात दोरा अडकवावा. एक पाकळी झाली. पुढच्या टाक्यात दोरा अडकवून तीच कृती आणखी चार वेळा करावी. शेवटी सुमारे १५ सेंटीमीटर दोरा राखून कापावा. त्याच दोऱ्याने फूल दाबून मिटणाऱ्या चपट्या पिनेवर शिवता येते. गोंदाने चिकटवलेले फूल धुण्यात निघून येते, शिवलेले टिकते.

झालरीचे रबर याहून सोपे. साध्या रबराच्या कड्याभोवती मुके खांब इतके दाट घालावेत की आतले रबर दिसू नये. पुढच्या फेरीत प्रत्येक टाक्यात तीन-तीन खांब घालावेत. टाके तिप्पट झाल्याने त्यांना सरळ बसायला जागा उरत नाही आणि झालर आपोआप पडते. फुलाच्या पाकळ्या ताठ हव्या असतील तर साबुदाण्याची पातळ खळ लावून सावलीत वाळवावे. साखरेच्या पाण्यात बुडविण्याची एक जुनी रीत आहे, ती टाळलेली बरी. पावसाळ्यात वस्तू चिकट होते, मुंग्या लागतात, आणि डबा झटकताना त्यांच्या जिवावर बेतते.

सरावलेल्या हाताला असे एक फूल विणून, दोऱ्याची टोके लपवून पिनेवर शिवायला साधारण २० मिनिटे लागतात. हा आकडा छोटा वाटतो. तो वाढतो कसा, हे घरात कार्य निघाले की कळते.

घरात लग्न ठरलेले असते. मेंदीला ६० जणी येणार असतात आणि प्रत्येकीला काही भेट द्यायची असते. कोणीतरी सहज सुचवते, “धाकट्या वहिनी इतके सुंदर विणतात, बाजारातून कशाला आणायचे? फावल्या वेळात होऊन जाईल.” सुचविणाऱ्याच्या मनात कौतुकच असते, आणि वहिनींनाही ते ऐकून बरे वाटते. दोरा येतो, पिनांचे डबे येतात, दोन्हींची रक्कम लग्नाच्या खर्चात लिहिली जाते. पुढचा हिशेब कोणी मांडत नाही. ६० फुले, प्रत्येकी २० मिनिटे, म्हणजे १,२०० मिनिटे. म्हणजे पुरे २० तास. स्वयंपाकघर आवरल्यावर रोज रात्री दोन तास बसले तर दहा रात्री. दुकानातल्या माणसाला वीस तास जादा थांबवले असते, तर त्याची नोंद पगाराच्या वहीत झाली असती. येथे ती कोठेच होत नाही, कारण तो वेळ ‘फावला’ ठरलेला असतो.

या ‘फावल्या वेळा’चे मोल इतिहासाने दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लावले आहे. आयर्लंडमध्ये १८४५ साली बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि त्यातून भीषण दुष्काळ ओढवला. लाखो माणसे मेली, लाखोंनी देश सोडला. त्या काळात कॉर्क आणि क्लोन्स या भागांत मठांतील जोगिणींनी व काही पुढाकार घेणाऱ्या स्त्रियांनी बायकामुलींना क्रोशाची लेस विणायला शिकविले. गुलाब, पाने, कळ्या सुट्या विणायच्या आणि मग बारीक जाळीने एकत्र जोडायच्या, अशी ती पद्धत होती. आजच्या पिनेवरचे फूल त्याच सुट्या फुलांच्या कुळातले आहे. ही लेस श्रीमंतांच्या पोशाखावर गेली आणि तिच्या पैशावर अनेक घरांची चूल पेटती राहिली. तेथे सुई ही करमणूक नव्हती. ती घराची मिळकत होती, आणि घरादाराला तसे ठाऊक होते.

दुसरे उदाहरण आपल्याच देशातले आहे. नाशिकजवळ त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली गोदावरी आंध्र प्रदेशात जेथे समुद्राला मिळते, त्या मुलखात नरसापूर नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी तेथे क्रोशाची लेस आणली. ती कला आसपासच्या गावांतील हजारो घरांत पोहोचली आणि लेस परदेशी जाऊ लागली. मारिया मीज या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तेथे राहून अभ्यास केला. त्यांचे ‘द लेस मेकर्स ऑफ नरसापूर’ हे पुस्तक १९८२ साली प्रसिद्ध झाले. त्यांना आढळलेली गोष्ट विचार करायला लावणारी होती. लेस विणणाऱ्या स्त्रिया दिवसाचे कित्येक तास राबत होत्या; परंतु त्यांना कामगार कोणी म्हणत नव्हते. त्या गृहिणी, आणि त्यांचे काम म्हणजे मोकळ्या वेळेचा उपयोग, असे सारेच मानत. त्यामुळे मजुरी अत्यल्प राहिली, आणि व्यापार करणाऱ्यांच्या हाती मात्र नफा जमत गेला. २०२४ मध्ये नरसापूरच्या क्रोशे लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. नावाला मान मिळाला ही आनंदाचीच गोष्ट. बोटांना दाम मिळणे हा त्यापुढचा प्रश्न आहे.

व्यापारी घरांनी हा प्रश्न आपला मानावा, याला एक सबळ कारण आहे. स्वेटर यंत्रावर विणला जातो, साधी लेसही यंत्रावर निघते. ‘क्रोशे’ या नावाने विकली जाणारी यंत्रावरची लेस प्रत्यक्षात निराळ्या विणीची असते. खऱ्या क्रोशाचा टाका अजूनही माणसाच्या हातानेच पडतो. याचा अर्थ सरळ आहे. ठोक बाजारात डझनाच्या भावाने मिळणारे क्रोशाचे फूलदेखील कोठेतरी कोणीतरी बसून, एकेक टाका मोजून विणलेले असते. दोरा, पिन, वेष्टन, वाहतूक आणि दोन हातांचा नफा वजा केल्यावर विणणारीच्या वाट्याला काय उरत असेल, हे सांगायला व्यापाऱ्याला कोणाची गरज नाही. प्रदर्शनात मांडणी घेऊन बसलेल्या बाईला “घरी बसल्या बसल्या तर करता, एवढी किंमत कशाची?” असे विचारणारी गृहस्थ मंडळी स्वतःच्या पेढीवर गिऱ्हाइकाने असा प्रश्न केला तर काय उत्तर देतील?

मग आपुलकीने दिलेल्या भेटीचाही हिशेब ठेवायचा काय, अशी शंका येथे येईल. शंका रास्त आहे. ज्या भेटीवर किमतीची चिठ्ठी लटकते ती भेट उरत नाही. परंतु हिशेब ठेवणे आणि तो ऐकवणे यांत अंतर आहे. घेणाऱ्याला आकडा सांगायचा नसतो. देणाऱ्याला आणि तिच्या घराला तो ठाऊक असावा, एवढेच पुरे. तो ठाऊक असला की भेट अधिक विचाराने दिली जाते. साठ जणींना विणलेले फूल देण्याऐवजी जिवाभावाच्या सहा जणींसाठी सावकाश, रंग निवडून, प्रत्येकीचे केस डोळ्यांसमोर आणून विणता येते. उरलेल्या चौपन्न जणींना दुसरे काही देता येते, किंवा वस्तीतल्या एखाद्या गरजू विणकर बाईला ते काम योग्य मजुरी ठरवून, आगाऊ रक्कम देऊन सोपविता येते. तिच्या घरी चार पैसे जातात, आणि धाकट्या वहिनींच्या दहा रात्री त्यांच्याच राहतात.

घरातल्या मुलीने क्रोशाच्या वस्तू विकायचे मनात आणले, तर तिला पहिला धडा वडिलांनी किंवा आजोबांनी द्यावा. त्यांच्याइतका जाणता शिक्षक तिला बाहेर मिळणार नाही. एका लहान वहीत चार रकाने आखून द्यावेत: दोरा, पिन व मणी, लागलेली मिनिटे, विक्रीची किंमत. पहिल्या महिन्यातच तिला दिसेल की चार रकान्यांत तिसरा सर्वांत जड आहे. पुष्कळ मुली किंमत ठरविताना नेमका तोच रकाना सोडतात, आणि “तिप्पट फायदा झाला” म्हणून आनंदतात. तो फायदा म्हणजे त्यांचीच न घेतलेली मजुरी असते.

आणि जी केवळ भेटीसाठीच विणते, तिच्यासाठीही एक छोटी गोष्ट घरच्यांना करता येईल. भेट कोणाला द्यायची, किती द्यायच्या आणि कधीपर्यंत, हे तिने ठरवावे. इतरांनी विचारावे, गृहीत धरू नये. ती विणायला बसली असेल तेव्हा चहा दुसऱ्या कोणी करावा, दाराची घंटा दुसऱ्या कोणी ऐकावी. टाके मोजत असलेल्या माणसाला मध्येच हाक मारली की मोजणी चुकते व फेरी उसवावी लागते. गल्ल्यावर नोटा मोजणाऱ्याला मध्येच कोणी बोलवत नाही, हे व्यापारी घरातील लहान मुलालाही ठाऊक असते. तोच नियम माजघरातल्या मोजणीलाही लागू करावा.