माशाचा जन्मदाखला

इंडोनेशियातल्या सुलावेसीच्या पूर्वेला बांगाई नावाचा बेटांचा पुंजका आहे. तिथल्या उथळ पाण्यात बोटाएवढा एक मासा राहतो. अंग रुपेरी, त्यावर काळे पट्टे आणि पांढरे ठिपके. नाव बांगाई कार्डिनल. मादीने अंडी घातली की नर ती तोंडात घेतो. अंडी फुटल्यावरही आठ-दहा दिवस पिल्ले बापाच्या जबड्यातच वाढतात. हा सगळा काळ, म्हणजे जवळजवळ महिनाभर, तो उपाशी असतो. बाहेर पडलेली पिल्ले लांब काट्यांच्या सी अर्चिनच्या आडोशाला राहतात. प्रवाळातल्या बहुतेक माशांची पिल्ले प्रवाहाबरोबर दूर वाहत जातात आणि नव्या जागी रुजतात. हा मासा मात्र जिथे जन्मला त्याच्या आसपासच आयुष्य काढतो. त्यामुळे एका बेटाभोवतीचे मासे संपले, तर शेजारच्या बेटावरून नवे येऊन ती जागा भरत नाही.

1994 नंतर टाकीत मासे पाळणाऱ्या शौकिनांचे लक्ष या माशाकडे गेले आणि पाहता पाहता तो जगभरच्या दिवाणखान्यांत पोहोचला. या शतकाच्या सुरुवातीला दरवर्षी सहा-सात लाख मासे पकडले जात असल्याचा अंदाज होता. बांगाईतल्या बाकाकान बेटाजवळ 2001 मध्ये सुमारे 6000 मासे होते. 2004 मध्ये उरले 17. तोंडात पिल्ले असलेला नर पकडला की त्याच्याबरोबर सबंध वीण जाते, हा हिशेब तर कुठल्याच पावतीवर येत नाही. 2007 मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या माशाला संकटग्रस्त ठरवले. त्याच्या व्यापारावर जागतिक नियंत्रण आणण्याचा प्रस्ताव त्याच वर्षी आला आणि मागेही घेतला गेला.

घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारा माणूस क्रूर नसतो. उलट पाण्याचा खारटपणा, तापमान, दिव्यांच्या वेळा तो घरच्या आजारी माणसाच्या औषधपाण्यासारख्या सांभाळतो. पण त्याची एक मोठी गैरसमजूत असते. गप्पी, मॉली, गोल्डफिश यांच्यासारखेच हेही मासे कुठल्या तरी हौदात वाढवलेले असतील, असे त्याला वाटते. गोड्या पाण्यातल्या बहुतेक शोभिवंत माशांच्या बाबतीत ते खरे आहे. समुद्री माशांच्या बाबतीत चित्र उलटे आहे: त्यातले बहुतेक थेट प्रवाळातून उचललेले असतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाशी जोडलेल्या संस्थेने 2003 मध्ये या व्यापाराची मोजदाद केली. वर्षाला दोन कोटी ते दोन कोटी चाळीस लाख मासे, 1471 जाती आणि वर एक कोटी दहा-वीस लाख जिवंत प्रवाळाचे तुकडे. आज हे आकडे जुने झाले असले तरी व्यापाराचा आवाका त्यांतून कळतो.

हे मासे कसे पकडतात, तेही पाहिले पाहिजे. फिलिपाइन्समध्ये 1960 च्या दशकात सुरू झालेली पद्धत अशी: सोडियम सायनाइडच्या गोळ्या पाण्यात विरघळवून प्लास्टिकच्या बाटलीत भरायच्या, बुडी मारायची आणि प्रवाळाच्या कपारीत पिचकारी सोडायची. मासा गुंगतो. कपारीत अडकला तर प्रवाळ फोडून तो बाहेर काढतात. पिचकारीच्या टप्प्यात आलेले प्रवाळ पांढरे पडते, मरते. लहानसहान जीव तर तिथल्या तिथे संपतात. कायद्याने बंदी येऊनही ही पद्धत इंडोनेशियापर्यंत पसरली. अशा माशात दुकानातल्या पिशवीत खोट दिसत नाही. घरी आणल्यावर काही दिवसांत तो अनेकदा मरतो. आपल्याच हातून पाणी बिघडले असे मालकाला वाटते आणि तो दुसरा मासा आणतो.

काही माशांचे तर मरण ठरलेलेच असते. क्लीनर रास हा निळसर चिमुकला मासा दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन जगतो. प्रवाळावर त्याच्यापुढे मोठमोठे मासे जबडा उघडून रांगेत उभे राहतात. टाकीत त्याला खायला पुरेसे काही नसते, म्हणून तो खंगत जातो. आणि जिथून त्याला उचलले, तिथले मासेही त्या सफाईला मुकतात.

मग सरसकट बंदी घालावी का? आम्हाला तसे वाटत नाही. मालदीवमध्ये 2000 साली टाकीसाठी विकलेल्या एक किलो माशांची किंमत सुमारे 500 डॉलर होती; खाण्यासाठी पकडलेल्या प्रवाळातल्या माशांना किलोमागे 6 डॉलर मिळत. बेटावरच्या मच्छीमाराला या मिळकतीमुळेच प्रवाळ जपावेसे वाटू शकते. हवाई बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर तिथल्या रहिवाशांनी पाठपुरावा करून 1999 अखेर सुमारे 35 टक्के किनारपट्टी शोभिवंत माशांच्या पकडीला बंद करून घेतली. पिवळ्या टँग माशांची संख्या त्या पट्ट्यांत पुन्हा वाढली. हा मासा चाळीस वर्षे जगू शकतो. एवढ्या आयुष्याचा जीव दोन वर्षांच्या हौसेसाठी उचलायचा, हे मुळात पटण्याजोगे नाही. पण पकडीला जागा आणि मर्यादा आखून दिली तर समुद्र सावरतो, एवढे हवाईने दाखवले.

आपल्याकडे 2001 मध्ये समुद्रघोडे आणि प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. म्हणजे वाघाच्या पंगतीला. या अनुसूचीतल्या जिवाबाबतचा गुन्हा शाबीत झाला तर तीन ते सात वर्षे कैद. टाकीच्या तळाशी मांडलेला ‘लाइव्ह रॉक’ म्हणजे बहुधा प्रवाळाचाच सांगाडा असतो, हे विकत घेणाऱ्या अनेकांच्या गावीही नसते. मालवणच्या सागरी अभयारण्यात, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती, आपल्या महाराष्ट्राचे थोडेफार प्रवाळ उरले आहे. ते पाहायला लोक पैसे देऊन बुडी मारतात. तिथून एक तुकडा उचलून पिशवीत घालणे म्हणजे त्या किनाऱ्यावर पोट भरणाऱ्यांच्या ताटातला घास काढणे आहे.

दुसरी वाट आपल्याकडे तयार आहे. क्लाउनफिशची पैदास केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने केव्हाच साधली. लक्षद्वीपमधल्या अगत्ती बेटावर स्त्रिया शोभिवंत मासे आणि कोळंबी वाढवतात. ऐरोलीत वनविभागाच्या कांदळवन कक्षाने समुद्री शोभिवंत माशांचे बीजकेंद्र उभारले आहे. परदेशात निळा टँग आणि पिवळा टँगही हौदात जन्माला घालून दाखवले गेले. हौदातला मासा महाग पडतो, हे खरे. पण समुद्रातल्या माशाचा भाव कमी दिसतो, कारण फुटलेल्या प्रवाळाची किंमत त्यात कुणी धरलेली नसते.

म्हणून राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाकडे आमची मागणी साधी आहे. खाऱ्या पाण्यातल्या प्रत्येक शोभिवंत माशाच्या बिलावर तो हौदात वाढला की समुद्रात पकडला, आणि पकडला असेल तर कुठे, हे लिहिणे दुकानदाराला बंधनकारक करावे. ज्या माशाबद्दल त्याला हे लिहिता येत नाही, तो त्याने विकू नये. ऐरोलीसारखी बीजकेंद्रे रत्नागिरीत, रायगडात निघाली, तर असे बिल लिहायला दुकानदाराला अडचणही येणार नाही. तोवर गिऱ्हाईकाने काउंटरवर उभे राहून एवढे तरी विचारावे: हा कुठे जन्मला?