बोट लागली, की साखर उतरली?

अंदमानच्या सहलीला निघालेली मंडळी हल्ली जाण्यापूर्वी दवाखान्यात येऊन ‘बोट लागू नये म्हणून’ गोळी मागतात. गोळी अवश्य घ्यावी, परंतु बोटीत चढण्याच्या सुमारे तासभर आधी. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. काचबिंदू वा प्रोस्टेटचा विकार असणाऱ्यांनी ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. बोटीच्या मध्यभागी बसावे, दृष्टी क्षितिजाकडे ठेवावी. मोबाइलमध्ये डोके घातले की डोळे सांगतात ‘सारे स्थिर आहे’ आणि अंतर्कर्ण सांगतो ‘हलते आहे’. या विसंवादातूनच मळमळ उद्भवते. पूर्वी मी एवढे सांगून थांबत असे.

काही वर्षांपूर्वी आम्ही घरची दहा माणसे वांडूरच्या धक्क्यावरून जॉली बॉय बेटाकडे निघालो. खारफुटीच्या कडेकडेने, हिरव्यागर्द निर्जन बेटांमधून बोट संथ चालली होती. हा सारा परिसर सागरी राष्ट्रीय उद्यानाचा; तेथे प्लास्टिकला मज्जाव असल्याने आमचे बिस्किटांचे पुडे धक्क्यावरच राहिले होते. नियम योग्यच आहे. स्टीलच्या डब्यात काही घेण्याचे आम्हाला सुचले नाही.

अर्ध्या वाटेवर वहिनींना दरदरून घाम फुटला, चेहरा पांढराफटक पडला, हात कापू लागले. ‘बोट लागली,’ सगळे म्हणाले. मीही तेच म्हणालो आणि त्यांना आडवे केले. थोड्या वेळाने त्या मला विचारू लागल्या, ‘भाऊजी, बाबांचा डबा गेला का?’ माझे वडील जाऊन अकरा वर्षे झाली होती.

बोट लागल्याने माणूस गळून जातो, पण असा बरळत नाही. उलटीच्या भीतीने वहिनींनी न्याहारी टाळली होती. मधुमेहाची ग्लिमेपिराइडची गोळी मात्र नेमाने घेतली होती. ग्लुकोमीटर हॉटेलवर. अशा वेळी मोजण्यासाठी थांबायचे नसते. खलाशाच्या चहाच्या डब्यातली तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून त्यांना घोट घोट पाजली. गिळता येत होते म्हणूनच पाजली. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. पंधरा मिनिटांनी सुधारणा नसेल तर तेवढीच साखर पुन्हा द्यावी, आणि बरे वाटताच पोळी-भातासारखे काही खाऊ घालावे, कारण या गोळीचा अंमल दीर्घकाळ राहतो व साखर पुन्हा उतरू शकते.

म्हणून इन्सुलिन किंवा साखर उतरवू शकणारी गोळी घेणाऱ्यांनी बोटीच्या दिवशी उपाशी राहू नये. हलके, कमी तेलकट खावे. जेवण चुकणारच असेल तर त्या वेळच्या मात्रेचे काय करायचे, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून ठेवावे.

दहा-बारा मिनिटांत वहिनी उठून बसल्या. आपण काय बोललो हे त्यांना आठवत नव्हते, आणि आम्हीही सांगितले नाही. परतताना त्यांनी खलाशाला साखरेचे पैसे देऊ केले. तो काही घेईना.