सावकाश बर्री, काका

मी बेळगावचा. बी.कॉम. करून बँकेत लागलो, ऑफिसर म्हणून निवृत्त झालो, आता वय 73. आजचं लिहिलेलं आपल्यातल्या काही जणांना रुचणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

गेल्या मे महिन्यात मुलाकडे डब्लिनला होतो. एका शनिवारी तो म्हणाला, "बाबा, डोंगरावर जाऊया." सोबत त्याचा धारवाडचा मित्र, घरी कन्नड बोलणारा. आठवडाभर तो येत-जात होता आणि मी त्याच्याशी मुद्दाम इंग्रजीत बोलत होतो. कन्नड मला चांगलं येतं. काउंटरवर निम्मी नोकरी कन्नडमध्येच केली की! पण निवृत्तीनंतर एका कचेरीतून माझा अर्ज मराठीत आहे म्हणून परत आला. त्या दिवशी ठरवलं, आता तोंडातून कन्नड शब्द काढायचा नाही.

डोंगराचं नाव स्लीव्ह डोनार्ड. डब्लिनहून गाडीने साधारण दोन तास. वाटेत आयर्लंड संपतं आणि उत्तर आयर्लंड, म्हणजे ब्रिटनचं राज्य सुरू होतं. नाका येईल म्हणून मी पासपोर्ट हातात धरून बसलो होतो. दोन्हीकडे चालेल असा शेरा व्हिसावर होता, तरी सीमाभागातल्या माणसाची सवय! नाका आलाच नाही. पाट्यांवरचे किलोमीटर जाऊन मैल आले, तेवढाच फरक.

उंची 850 मीटर, उत्तर आयर्लंडमधलं सर्वांत उंच शिखर. पायथ्याचं न्यूकॅसल गाव समुद्राला लागून, त्यामुळे जवळजवळ सगळी उंची आपल्या पायांनीच चढायची. आधी ग्लेन नदीच्या काठाने झाडी, मग उघडा माळ, गवत आणि दगड. दगड ग्रॅनाइटचा. आपला सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे जमिनीवर पसरून थिजलेला लाव्हा. ग्रॅनाइट जमिनीच्या पोटात सावकाश निवतो, म्हणून त्याचे कण मोठे, उन्हात चमकणारे. तिथला सुमारे साडेपाच कोटी वर्षांचा. हाताला खरखरीत लागतो, पण हजारो बुटांनी घासलेली पायरी भिजली की पाय सरकतो.

माझाही सरकला. मुलगा पुढे गेलेला. मागून त्या पोराने दंड धरला आणि म्हणाला, "सावकाश बर्री, काका." घाबरल्यावर माणूस आपल्या घरच्या भाषेत बोलतो. माझ्याही तोंडून निघून गेलं, "बर्तीनप्पा, कै हिडी." येतो बाबा, हात धर.

तो थांबला. म्हणाला, "काका, तुम्हाला कन्नड येतं? मग आठवडाभर इंग्रजी का?"

मला उत्तर सुचलं नाही.

खिंडीत पोचलो तिथे एक भिंत आडवी आली. मॉर्न वॉल. लांबच लांब, पंधरा शिखरांवरून जाणारी, हाताने घडवलेल्या ग्रॅनाइटची. मला वाटलं, हीच सीमा असणार. तर ती पाण्याची भिंत निघाली. बेलफास्ट शहराला पाणी पुरवणाऱ्या मंडळाने आपलं पाणलोट क्षेत्र राखायला 1904 ते 1922 मध्ये बांधली. काम चालू असतानाच, 1921 साली, आयर्लंडची फाळणी झाली. देश दुभंगला, गवंडी भिंत बांधत राहिले. आज धुकं उतरलं की तिच्याच कडेने माणसं वाट काढतात.

तिथून शिखराचा चढ उभा. माझ्या गुडघ्यांनी नकार दिला. मुलगा वर गेला, आणि मी नि तो पोरगा भिंतीच्या आडोशाला तासभर बसलो, वारा चुकवत. कन्नडमध्ये बोललो. परत आलेल्या अर्जाची गोष्ट त्याला सांगितली. तो म्हणाला, "ते चूकच झालं, काका." धारवाडच्या कुणाकडून हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. ऐकणार कसा? बोलणंच बंद केलं होतं ना.

कुणी म्हणेल, तिकडचं गोड उदाहरण देऊन आम्हाला शिकवू नका. गोड मुळीच नव्हतं. तीस वर्षांच्या हिंसाचारात तिथे साडेतीन हजारांवर माणसं मेली. 1998 च्या करारानेही मूळ वाद मिटलेला नाही. फक्त माणसाने स्वतःला आयरिश म्हणावं, ब्रिटिश म्हणावं की दोन्ही, हे त्याच्यावर सोडलं. एका शहराला आजही कुणी डेरी म्हणतं, कुणी लंडनडेरी. आपल्याला नावांचा वाद काय असतो ते कुणी समजावून सांगायला नको.

सीमाप्रश्नावरचा माझा आग्रह तसूभरही कमी झालेला नाही. दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याचा निकाल तिथे लागेल. मराठीतून कागद मिळाले पाहिजेत हेही मी मागत राहणार. पण कचेरीचा राग मी दूधवाल्यावर, शेजारणीवर, मुलाच्या मित्रावर काढत होतो. बँकेच्या भाषेत सांगायचं तर एकाचं येणं दुसऱ्याच्या खात्यावर टाकत होतो. अशी नोंद एखाद्या क्लार्कने केली असती तर मी त्याला मेमो दिला असता.

आणि बघा, "सावकाश" हा शब्द त्याने कन्नड म्हणून उच्चारला, मी मराठी म्हणून ऐकला. बेळगाव-धारवाडकडे असे किती शब्द दोन्ही घरांत आहेत, मोजून बघा एकदा.

परत आल्यावर दूधवाल्याशी कन्नडमध्ये बोललो. तो म्हणाला, "साहेब, बरं आहे ना?" मराठीत!

असो. कुणाला शिव्या द्यायच्या असतील तर खाली जरूर लिहा. मराठीत द्या, कन्नडमध्ये द्या, दोन्ही समजतात.